यंत्रमानवाची शिकवणी आणि ‘अकुशल’ हात

तमिळनाडूतल्या करूरमध्ये एक वेगळीच नोकरी निघाली आहे. कामगाराच्या कपाळावर पट्ट्याने छोटा कॅमेरा बांधलेला असतो. उजवीकडच्या टोपलीतून उजव्याच हाताने टॉवेल उचलायचा, दोन्ही हातांनी झटकायचा, तीन घड्या घालायच्या आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवायचा. एका टॉवेलला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला किंवा मधली एखादी पायरी चुकली, तर ती चित्रफीत बाद आणि काम पहिल्यापासून. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने नोव्हेंबर २०२५ मध्ये या कामाचे सविस्तर वर्णन छापले होते. चित्रफिती अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाकडे जातात आणि तिथे त्या पाहून यंत्रमानव टॉवेलची घडी घालायला शिकतो. करूर हे घरगुती कापडाच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. टॉवेलच्या घड्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या घातल्या गेल्या. पण या कचेरीतून टॉवेल विकला जात नाही. विकली जाते ती घडी.

जगभर हे काम वाढते आहे आणि त्याला लागणारा कच्चा माल म्हणजे माणसाच्या अंगातली हातोटी. ती हातोटी कुठे आहे हे पाहायचे, तर नाशिक जिल्ह्यातले मनमाड हे उत्तम ठिकाण आहे. जंक्शनमुळे वाढलेले हे गाव. इथल्या रेल्वेच्या इंजिनीअरिंग वर्कशॉपमध्ये पुलांचे गर्डर तयार होतात. एफसीआयच्या अवाढव्य गोदामात धान्याच्या मालगाड्या रित्या होतात. पन्नास-पन्नास किलोची पोती पाठीवर घेऊन हमालांच्या टोळ्या थप्प्या लावतात. आसपासच्या पट्ट्यात कांद्याची खळी आहेत. तिथे बाया दिवसभर बसून गोल्टी, जोडकांदा आणि डेंगळा वेगळा काढतात. पंचवीसेक किलोमीटरवरच्या येवल्यात पैठणी विणली जाते. यातली हमाली आणि प्रतवारी सरकारी वेतनाच्या कोष्टकात ‘अकुशल’ या रकान्यात जाते. यंत्रमानव बनवणाऱ्यांना मात्र नेमकी हीच कामे सर्वांत अवघड वाटतात, आणि त्यांचे धडे मिळवण्यासाठी ते पैसे मोजायला तयार आहेत.

जे सोपे ते अवघड

हॅन्स मोरावेक या संशोधकाने १९८८ मध्ये एक गोष्ट मांडली, ती आजही यंत्रमानवशास्त्रात पहिल्या धड्यासारखी सांगितली जाते. बुद्धिबळ खेळणे किंवा बुद्ध्यांक मोजणाऱ्या चाचण्या सोडवणे संगणकाला तुलनेने सोपे जाते. पण वर्षभराच्या मुलाला जमते तेवढे पाहणे, पकडणे आणि चालणे त्याला शिकवणे महाकठीण. कारण उघड आहे. बुद्धिबळ माणसाने अलीकडे शोधले. हात-पाय चालवण्याचा अभ्यास मात्र उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षे केलेला आहे. तो इतका खोल मुरला आहे की आपल्याला तो अभ्यास वाटतच नाही. संगणकाने १९९७ मध्ये गॅरी कास्पारोव्हला हरवले. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून नेमका शर्ट उपसून त्याची घडी घालणारे भरवशाचे यंत्र मात्र अजून घरोघरी आलेले नाही.

गेल्या काही वर्षांत लिहिणारे-बोलणारे संगणक एकदम हुशार झाले, कारण त्यांना शिकायला इंटरनेटवर माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर आयता मिळाला. हाताच्या कामाचा असा साठा कुठेच नाही. पोते पाठीवर घेताना गुडघा किती वाकवायचा, कांदा किती दाबून पाहायचा, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. लिहिता येण्याजोगेही नाही. म्हणून तो साठा आता मुद्दाम तयार केला जातो आहे. २०२३ मध्ये जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी आपापली माहिती एकत्र केली, तेव्हा २२ प्रकारच्या यंत्रमानवांच्या दहा लाखांहून अधिक कृती एका जागी आल्या. आकडा मोठा वाटतो, पण मजकुराच्या साठ्यापुढे तो नगण्य आहे. त्याआधी ‘इगो-फोर-डी’ नावाच्या प्रकल्पात नऊ देशांतल्या नऊशेहून अधिक लोकांनी डोक्यावर कॅमेरे लावून आपली रोजची कामे टिपली. जमले ३,६७० तास. हैदराबादची ट्रिपल आयटी त्यात सहभागी होती.

शिकवण्याच्या पद्धती तीन. पहिली, यंत्रमानवाचे हात दुरून आपल्या हातांनी चालवायचे. स्टॅनफर्डमध्ये २०२३ साली बनलेल्या ‘अलोहा’ या तुलनेने स्वस्त यंत्राने दाखवून दिले की माणसाने पन्नासेक वेळा करून दाखवले, तर यंत्र एखादे नाजूक काम बऱ्यापैकी उचलते. दुसरी, अंगात हालचाल मोजणारा पोशाख घालून काम करायचे. तिसरी, करूरसारखी: कपाळावर कॅमेरा लावा आणि नेहमीचे काम करा. ही सर्वांत स्वस्त पडते, म्हणून तिचाच प्रसार जोरात आहे. कॅमेरा लावून वावरणाऱ्याला संगणकातले काही येण्याची गरज नसते. काम येत असले की झाले.

पोते उचलण्यातले शास्त्र

‘अकुशल’ या शब्दाखाली काय काय झाकले गेले आहे, हे शरीरशास्त्राने अनेकदा दाखवले आहे. १९२०च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हातांना छोटे दिवे बांधले आणि अंधारात त्यांच्या हालचालींचे फोटो घेतले. अपेक्षा अशी, की वर्षानुवर्षे तेच काम केलेल्या माणसाचा हात दर खेपेला त्याच रेषेवरून जाईल. झाले उलटेच. हातोडा नेमका छिन्नीवर बसत होता, पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट दर वेळी थोडी निराळी होती. खांद्याकडून राहिलेली कसर कोपर भरून काढत होते, कोपराची मनगट. म्हणजे कसब हे एकच हालचाल पाठ करण्यात नसते. दर वेळी नव्याने जुळवून घेण्यात असते. मनमाडच्या वर्कशॉपात घण चालवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. करूरच्या कामात मात्र टॉवेल दर वेळी एकाच ठरावीक क्रमाने घडी करायचा असतो. शिकवणीच्या सोयीसाठी कसबातला सर्वांत मौल्यवान भाग छाटला जातो, असे त्यावरून म्हणावे लागते.

ओझे वाहण्याचेही तसेच. केनियातल्या लुओ समाजातल्या स्त्रिया डोक्यावर, तर किकुयू समाजातल्या स्त्रिया कपाळावरच्या पट्ट्याच्या आधाराने पाठीवर ओझे घेऊन चालतात. १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या श्वासातला प्राणवायू मोजला गेला. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतच्या ओझ्याला त्यांना जवळपास काहीच जादा शक्ती लागत नव्हती. पुढे १९९५ मध्ये त्याचे कारण उलगडले. चालताना आपले शरीर उलट्या लंबकासारखे वरखाली होते. या स्त्रिया ओझे घेतल्यावर त्या लंबकातली शक्ती इतरांपेक्षा कमी वाया घालवतात. नेपाळच्या हमालांवरचा अभ्यास २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला, नामचे बाजारची चढण चढणारे पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझे वाहत होते. या लोकांना कोणत्याही संस्थेने प्रशिक्षण दिलेले नव्हते.

आता हाताचा स्पर्श. माणसाच्या एका तळहाताच्या आणि बोटांच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे सतरा हजार मज्जातंतूंचे शेवट असतात. स्वीडनमधले रोलांड जोहान्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत दाखवले की हातातली वस्तू किंचित निसटू लागली, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत पकड आपोआप घट्ट होते. विचार करायला तेवढा वेळही नसतो. बोटांची टोके बधिर करून काडेपेटीतली काडी ओढायला सांगितली, की डोळ्यांना सगळे दिसत असूनही माणूस चाचपडतो; एरवी काही सेकंदांत होणारे काम लांबत जाते. कांद्याच्या खळ्यावर हात फिरवणारी बाई मान जाड आहे का, आत मऊ पडला आहे का, हे बोटांनी ओळखते. डोळा तोपर्यंत पुढच्या कांद्यावर गेलेला असतो. तिच्या कपाळावरच्या कॅमेऱ्याला यातला दाब दिसणारच नाही. त्याला दिसेल फक्त हात आणि कांदा.

स्पर्शाच्याही आत आणखी एक ज्ञान आहे. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळते. स्नायू आणि सांध्यांमधून येणारी ही जाण गेली तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधल्या इयान वॉटरमन यांचे. १९७१ मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, एका आजारानंतर त्यांची मानेखालची ही जाण आणि स्पर्शज्ञान गेले. स्नायू शाबूत होते, पण उठून बसता येईना. मग प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहत, विचार करत त्यांनी चालणे नव्याने शिकून घेतले. खोलीतला दिवा गेला तर ते कोसळत. केवळ चित्रफितींवर शिकणारा यंत्रमानव बराचसा या अवस्थेत असतो: सारे काही डोळ्यांवर. त्यामुळे आता कॅमेऱ्यासोबत दाब मोजणारे हातमोजेही वापरात येऊ लागले आहेत. शिकवणाऱ्याच्या अंगावरचे सामान त्यामुळे वाढणार आहे.

यातून आणखी एक मजेशीर गोष्ट निघते. चूक महत्त्वाची असते. १९८९ मध्ये अमेरिकेत माणसाचे ड्रायव्हिंग पाहून गाडी चालवायला शिकणारा एक संगणक बनवला गेला. चांगला ड्रायव्हर गाडी रस्त्याच्या मधोमध ठेवतो; त्यामुळे गाडी कडेला गेल्यावर ती परत कशी आणायची, हे त्या संगणकाला पाहायलाच मिळत नव्हते. छोटी चूक झाली की तिच्यातून मोठी चूक होत जाई. शेवटी कडेला गेलेल्या गाडीची खोटी चित्रे बनवून ती कमतरता भरून काढावी लागली. थप्पीवर चढताना पाय घसरला, पोते एका बाजूला कलंडले आणि जुन्या हमालाने कंबर वळवून ते सावरले, तर यंत्राच्या दृष्टीने तो क्षण शंभर सुरळीत खेपांपेक्षा जास्त किमतीचा असू शकतो. नवशिका हमाल तरी दुसरे काय बघत असतो?

अंगावर काय येते

या कामाचे पैसे कसे मिळतात, हे ठिकाणानुसार फार बदलते. टेस्ला कंपनीने २०२४ मध्ये आपल्या यंत्रमानवासाठी माणसे मागवली. हालचाल मोजणारा पोशाख आणि डोळ्यांवर आभासी चित्रे दाखवणारा चष्मा घालून दिवसाला सात तासांहून जास्त चालायचे. उंची पाच फूट सात इंच ते पाच फूट अकरा इंच हवी, कारण यंत्रमानवाची उंची तेवढी. मोबदला तासाला सव्वापंचवीस ते अठ्ठेचाळीस डॉलर. शांघायमध्ये ‘एजीबॉट’ कंपनीच्या केंद्रात सुमारे शंभर यंत्रमानवांना दोनशे माणसे दिवसाचे सतरा तास पाळ्यांमध्ये टी-शर्टच्या घड्या, सँडविच आणि दरवाजे उघडणे शिकवतात, अशी बातमी ‘रॉयटर्स’ने २०२५ मध्ये दिली. जपानमधल्या दुकानांच्या फडताळांत बाटल्या रचणारे यंत्रमानव अडले, की फिलिपिन्समधल्या मनिलात बसलेली माणसे चष्मा चढवून त्यांचे हात चालवतात. त्यांना महिन्याला साधारण २५० ते ३१५ डॉलर मिळतात, असे ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’च्या वार्तांकनात आले. हातोटी तीच, पण ती कुठल्या देशात राहते यावर भाव ठरतो.

मनिलातल्या त्याच कामगारांनी चक्कर आणि मळमळीचीही तक्रार केली होती. तिचे कारण घाटात बस लागते त्याच जातीचे आहे. चष्म्यातून डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की शरीर खुर्चीत स्थिर आहे. मेंदूला हा विरोध मिटवता येत नाही. काहींना सरावाने त्रास कमी होतो, काहींना होत नाही, आणि काम संपल्यावरही बराच वेळ डोके जड राहू शकते. अशा माणसाने लगेच मोटरसायकलवर बसू नये, एवढे तरी मालकाने सांगायला हवे.

कपाळावरच्या कॅमेऱ्याने मळमळ होत नाही, पण मान धरते. कॅमेरा हलका असला तरी तो डोक्याच्या पुढच्या बाजूला असतो, आणि हात चित्रात यावेत म्हणून माणूस मान सतत खाली झुकवून ठेवतो. मानेच्या मागच्या स्नायूंना तेवढा वेळ डोक्याचे वजन ओढून धरावे लागते. शिलाईच्या आणि विडीच्या कामात बायकांच्या माना दुखतात त्याचे कारण हेच. शिवाय तीच घडी शेकडो वेळा, ठरलेल्या वेळात आणि न चुकता घालायची, म्हणजे मनगट आणि अंगठ्याच्या शिरांना विश्रांती नाही. एरवी काम करताना माणूस नकळत हात बदलतो, कूस बदलतो. बर्नस्टाइनने पाहिलेली विविधता शरीराचे रक्षणही करते. शिकवणीत ती मना असते.

हमालीचे धडे टिपायचे झाले तर प्रश्न आणखी गंभीर. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रानुसार उत्तम परिस्थितीतही, म्हणजे ओझे अंगाजवळ, कंबर न वळवता, धरायला चांगली पकड असताना, २३ किलोपेक्षा जास्त उचलू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे पूर्वी शंभर किलोची पोती पाठीवर घेतली जात. ती पन्नासवर आली ही मोठी सुधारणा, तरी सूत्राच्या दुपटीहून जास्तच. रोजच्या खेपांमध्ये कॅमेरा लावला तर निदान ओझे वाढत नाही. केवळ चित्रीकरणासाठी तेच पोते पुन्हा पुन्हा उचलायला लावले, तर ती कंबरेची जादा झीज आहे आणि तिचा हिशेब कुठल्याच करारात नसतो. आपल्या हालचालीकडे मुद्दाम लक्ष दिले की सफाई कमी होते, हेही क्रीडाशास्त्रातल्या प्रयोगांनी वारंवार दाखवले आहे. कॅमेऱ्यासमोर पोते ‘नीट’ उचलायला निघालेला अनुभवी हमालही त्यामुळे घसरू शकतो.

घडी कुणाची?

अंगातले कसब मोजून घेण्याची कल्पना जुनी आहे. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कंपनीत फ्रेडरिक टेलर यांनी घड्याळ लावून बिडाचे ठोकळे वाहणाऱ्या हमालांचा अभ्यास केला. एक ठोकळा सुमारे बेचाळीस किलोचा. टेलर यांच्या सांगण्यानुसार दिवसाला साडेबारा टनांवरून काम सत्तेचाळीस टनांवर गेले, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळपास चौपट, पैसे दीडपटीहून थोडे जास्त. पुढच्या इतिहासकारांनी या कहाणीतल्या तपशिलांवर शंका घेतल्या आहेत, पण १९११ च्या पुस्तकामुळे ती जगभर गेली आणि कारखान्यांचे शास्त्रच तिच्यावर उभे राहिले. त्या पुस्तकात टेलर यांनी असे काम करणाऱ्या माणसाच्या बुद्धीला बैलाची उपमा दिली आहे. ज्याच्याकडून शिकायचे त्यालाच मठ्ठ ठरवायचे, ही रीत तेव्हापासूनची.

मनमाडला या प्रश्नाचा स्वतःचा इतिहास आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली इथे जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे विधान याच परिषदेतले. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट तपशिलाने मांडली होती: दलित कामगार गँगमनच्याच कामात अडकून पडतो, त्याला बढती नाही, हमाल म्हणूनसुद्धा घेत नाहीत आणि कारखान्यातली कारागिराची कामे त्याच्यापर्यंत पोहोचूच देत नाहीत. कुठले काम कुशल आणि कुठले अकुशल, हे नुसत्या कामाच्या अवघडपणावरून ठरत नाही. ते कोण करतो त्यावरूनही ठरते, हे रेल्वेच्या या गावात ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी सांगून झाले आहे.

आज कायद्यात काय आहे? प्रताधिकार कायद्यात ‘कलावंत’ या संज्ञेची व्याख्या मोठी मनोरंजक आहे. नट, गायक, नर्तक यांच्यासोबत त्यात कसरतपटू, हातचलाखी करणारा जादूगार आणि चक्क गारुडीसुद्धा नावानिशी आला आहे. डोंबाऱ्याने दोरीवर चालून दाखवले आणि कोणी ते चित्रित केले, तर त्या सादरीकरणावर त्याचा पन्नास वर्षे हक्क राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरात रॉयल्टीचाही. पन्नास किलोचे पोते घेऊन फळीवरून थप्पीवर चढणारा हमाल त्या यादीत नाही. तो तोल सांभाळतो ते पोटासाठी, प्रेक्षकांसाठी नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमती मागतो आणि ती मागे घ्यायची सोय देतो. पण यंत्राने एकदा धडा गिरवल्यावर तो त्याच्यातून काढून घेणे तांत्रिकदृष्ट्या सोपे नाही. चित्रफीत पुसता येते, शिकलेले पुसणे कठीण.

तासाच्या मजुरीतली गोम इथे आहे. हमाल एक खेप करतो, एक खेपेची हमाली घेतो. दुसऱ्या खेपेला पुन्हा त्याची गरज लागते. टिपून घेतलेली खेप मात्र एकदाच विकत घेतली जाते आणि हजारो यंत्रांत कायमची वापरली जाते. बेंगळुरूच्या ‘कार्या’ या संस्थेने आवाजाच्या बाबतीत यावर एक उपाय करून पाहिला आहे. ही संस्था कष्टकरी लोकांकडून भारतीय भाषांतले वाक्यवाचन टिपून घेते. तिच्या सुरुवातीच्या काळातला एक अभ्यास मराठीतच झाला: ग्रामीण आणि शहरी गरीब वस्त्यांतले लोक आणि विद्यापीठीय विद्यार्थी मिळून ३६ जणांनी १०९ तासांचा आवाज दिला आणि गरीब वस्त्यांतल्या लोकांचे काम विद्यार्थ्यांच्या तोडीचे निघाले. ‘कार्या’ने तासाला किमान पाच डॉलरचा दर ठेवला आणि तोच साठा पुन्हा विकला गेला तर त्या कामगारांना त्यातला वाटा द्यायचा, असे धोरण ठेवले. आवाजाला जे लागू होते ते हाताला लागू न होण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा धागा महाराष्ट्राच्याच घरात आहे. १९६९ चा माथाडी कायदा अशाच लोकांसाठी झाला, ज्यांचा एक मालक नसतो. आज या व्यापाऱ्याचा ट्रक, उद्या त्या गोदामाची रेक. मंडळाकडे हमालाची नोंद होते, माल ज्याचा असेल त्याच्याकडून मजुरीवर लेव्ही घेतली जाते आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी चालते. यंत्रमानवाला शिकवणारा माणूसही आज एका कंपनीसाठी, उद्या दुसऱ्या कंपनीसाठी कॅमेरा लावणार आहे. त्याच्या चित्रफितीच्या प्रत्येक विक्रीवर लेव्ही बसवणे हिशेबाच्या दृष्टीने हमाली, तोलाई, वाराईच्या पावतीपेक्षा अवघड नाही. पैठणीच्या बाबतीत भौगोलिक मानांकनाने विणकरांच्या समूहाचे नाव राखले गेले. मोराच्या पदराची वीण टिपली गेली, तर तो धडा एका विणकराचा की साऱ्या येवल्याचा, हा प्रश्न तिथेही येईल.

हे सारे बोलताना एक गोष्ट विसरू नये. हमालाची जागा पहिल्यांदा माणसासारखा दिसणारा यंत्रमानव घेईल, असे बिलकूल नाही. पंजाबातल्या मोगा इथे २००७ पासून पोलादी सायलोत गहू सुटा साठवला जातो आणि खास वाघिणींतून नवी मुंबईसारख्या ठिकाणच्या सायलोत सुटाच उतरतो. तिथे पोते नाही, त्यामुळे थप्पी नाही आणि पाठही नाही. ज्या कामाची नक्कल करायला यंत्राला इतके धडे लागतात, ते काम अनेकदा नक्कल न करता सरळ गाळून टाकता येते. पोते उरलेच, तर ते उरेल लहान बाजार समित्यांत, अरुंद गल्लीतल्या दुकानांत, जिथे सायलो परवडत नाही आणि यंत्रमानवही. म्हणून शिकवणीकडे चार पैसे जोडणारे काम म्हणून पाहावे. त्यावर घरातल्या मुलाचे पुढचे वीस वर्षांचे गणित बांधू नये.

हे काम कोणी देऊ केले, तर काही गोष्टी आधी विचाराव्यात. काम देण्यासाठी ‘नोंदणी’ किंवा ‘किट’च्या नावाखाली आगाऊ पैसे मागणारा बहुतेक फसवणारा असतो. घरात चित्रीकरण असेल तर पोरेबाळे, आंघोळीची जागा, भिंतीवरचे फोटो, टेबलावर पडलेले आधार कार्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी, सगळेच कॅमेऱ्यात जाते. घरातल्या इतरांची संमतीही लागते. सलग किती वेळ कॅमेरा लावायचा, मध्ये सुट्टी किती, मान किंवा मनगट दुखू लागले तर त्या दिवसाचे पैसे कापणार का, हे लेखी असावे. मुंग्या येणे, पकड सुटणे, रात्री मनगट दुखून जाग येणे ही लक्षणे दिसली तर बाम चोळत न बसता डॉक्टरांकडे जावे. चष्मा लावून काम असेल तर पहिल्या दिवशी वीस मिनिटांपासूनच सुरुवात करावी. आणि एक प्रश्न जरूर विचारावा: बाद ठरलेल्या चित्रफितीचे पैसे मिळत नसतील, तर ती चित्रफीत खरोखर पुसली जाते, की पोते कलंडले आणि सावरले गेले ती खेपही कंपनीकडेच राहते?